गोजाआजीच्या गळ्यातली राणी

जोतिराम दुकानात आला तेव्हा धुळाप्पा उन्हात टाकलेली घोंगडी आत आणून घड्या घालत होता. मे महिन्यात सोलापुरात घोंगडी घ्यायला कोण येतंय? दुकान उघडायचं ते सवयीनं. जोतिराम त्याचा लांबचा चुलतभाऊ. उजनी धरणाच्या काठाला, जुनं गाव बुडाल्यावर वसलेल्या नव्या गावात राहायचा, मासे धरायचा. लग्नकार्याशिवाय कधी न भेटणारा हा माणूस भर उन्हात मोटारसायकल मारत मंगळवार पेठेत का आला, ते धुळाप्पाला कळेना.

जोतिराम दोन तांबे पाणी प्याला आणि त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी काढून पुढं सरकवली.

"बघ तुला वळखतंय का."

पिशवीत एक मोठं, काळं पडलेलं नाणं होतं. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा मोठं आणि जड. कडेला माती चिकटून दगडासारखी झाली होती.

"कुटं घावलं?"

"जुन्या गावात. औंदा पानी लई खाली गेलंय. गोजाआजीच्या घराचं जोतं सगळं उघडं पडलंय. तितंच, दारापाशी." जोतिरामनं नजर दुसरीकडं वळवली. "घरात आनल्यापासनं बायको म्हनती, ओल्या मातीचा वास येतोय. मला काय येत न्हाय. पन तिचं जेवनावरचं मन उडालंय. तुमच्या घरातली वस्तू, तुमीच ठेवा."

धुळाप्पानं नाणं हातात घेतलं नाही. "मला न्हाय वळखत," म्हणाला.

जोतिराम गेल्यावरही पिशवी तशीच गल्ल्याजवळ पडून राहिली. धुळाप्पानं तिच्यावर एक घोंगडं टाकलं.

त्यानं नाणं बघताक्षणीच ओळखलं होतं.

गोजाबाई ही त्याच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, गुंडाची बायको. गुंडा लामावर, म्हणजे लढाईवर गेला तेव्हा लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. बोटीतून आफ्रिकेत गेला, तिथल्या कुठल्या डोंगरावर मोठी लढाई झाली, एवढंच गावाला कळलं. पुढं मंगळवेढ्याकडचा एक शिपाई रजेवर आला तेव्हा वाट वाकडी करून गावात आला आणि गोजाबाईच्या हातात त्यानं एक नाणं ठेवलं. गुंडानं दिलंय, म्हणाला, मी मागनं येतोय असं सांगितलंय. गुंडा आला नाही. सरकारचा कागद आला, त्यावर बेपत्ता असं होतं. गोजाबाईनं नाण्याला कडी बसवून घेतली आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. मंगळसूत्र होतंच, त्याच्या खाली हे.

एका बाजूला एक भरल्या अंगाची बाई, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा पक्षी. गावातली पोरं त्याला गंडभेरुंड म्हणत. धुळाप्पा लहानपणी तिच्या मांडीवर बसून त्या पक्ष्याची दोन्ही तोंडं बोटानं चाचपायचा, आणि गोजाआजी बोलता बोलता राणीच्या गालावरून अंगठा फिरवत असायची. कुणाशीही बोलताना, दळताना, मेंढरांची वाट बघत दारात उभी असताना अंगठा तिथंच. नव्या माणसाला तिची ओळख सांगताना लोक नावही सांगत नसत. गळ्यात राणी आहे ती बाई, एवढं पुरायचं.

मग धरण झालं. धुळाप्पा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. पाणी हळूहळू चढत होतं, खळ्यापर्यंत आलं होतं, आणि लोक दारं-चौकटी, तुळया, जे निघेल ते काढून गाड्यांवर लादत होते. त्यांची बैलगाडी निघाली तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं. गोजाआजी तिच्या दारात बसून उंबऱ्याशी सारवत होती. अख्खं गाव उठून चाललेलं, आणि ती वाकून ओल्या हातानं सारवतेय. हाताचा तो सर्र सर्र आवाज त्याला गाडीपर्यंत आला, की आल्यासारखा वाटला, हे त्याला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

"आजी येत न्हाय व्हय?" त्यानं बापाला विचारलं.

"ती सांगोल्याला भाचीकडं जानार हाय," बाप म्हणाला.

नव्या गावात खडकाळ जमीन मिळाली. मेंढरं विकली. धुळाप्पा विशीत सोलापूरला आला, गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, गिरणी बंद पडल्यावर घोंगड्यांच्या धंद्याला लागला. पुढं बापाला त्यानं दोन-तीनदा विचारलं, गोजाआजी कशी आहे? बाप प्रत्येक वेळी चिडायचा. "सांगितलं न्हवं, भाचीकडं हाय म्हनून?" मग विचारणंही थांबलं. बाप गेला. आणि आता नाणं आलं होतं, भाचीच्या घरातून नव्हे, धरणाच्या तळातून.

त्या दिवसापासून दुकानात भर दुपारी तो आवाज येऊ लागला. बाहेर डांबर वितळत असायचं, पंखा गरम वारा फेकत असायचा, आणि मागच्या बाजूला, घोंगड्यांच्या थप्पीपलीकडं, कुणीतरी ओला हात जमिनीवरून फिरवायचं. सर्र. थांबायचं. पुन्हा सर्र. धुळाप्पा उठून बघायचा. फरशी कोरडी असायची. हात लावून बघितली तर त्या उन्हाळ्यातही जरा जास्तच गार लागायची.

त्यानं हे केराबाईला, बायकोला, सांगितलं नाही. पण एक दिवस तीच डबा घेऊन आली, दारात थबकली आणि म्हणाली, "हितं कुनी सारवलंय व्हय? वास येतोय." तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं.

केराबाईनं ऐकून घेतलं. "तिचंच हाय असं कशावरून?" म्हणाली. "तसली नानी काय एकीकडंच असतील? जानत्या मानसाला दावा आधी."

धुळाप्पाला हे पटलं, कारण पटायला हवं होतं. नाणं दुसऱ्या कुणाचं असेल, तर गोजाआजी भाचीकडं सुखानं राहिली आणि सुखानं गेली.

सराफ बाजारात शिवलीलाचं छोटं चांदीचं दुकान होतं. वडलांमागं तीच बघायची. जोडवी, वाळे, इष्टलिंगाच्या चांदीच्या डब्या हा रोजचा धंदा, पण वडलांनी तिला जुन्या नाण्यांची नजर दिली होती, आणि अक्कलकोटपासून लोक पिशव्या घेऊन तिच्याकडं यायचे. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, बाजारात गरज पडेल ते.

"कुठं सापडलं मामा?" तिनं विचारलं.

"माळावर," धुळाप्पा म्हणाला.

तिनं नाणं दिव्याखाली धरलं. "घासलं नाहीत ते बरं केलंत. लोक चिंच लावून चकचकीत करून आणतात आणि मग किंमत विचारतात. राहू दे माझ्याकडं. साध्या पाण्यात ठेवते. माती आपोआप सुटू दे."

आठवड्यानं तो गेला तेव्हा नाणं मऊ कापडावर ठेवलेलं होतं. काळं होतं, पण आता त्यावरची बाई दिसत होती. धुळाप्पानं स्टूल ओढून घेतलं.

"ही मारिया तेरेसा," शिवलीला म्हणाली. "ऑस्ट्रियाची राणी. हे बघा साल, सतराशे ऐंशी. पण सालावर जाऊ नका. राणी त्या वर्षी वारली, आणि पुढं दीडदोनशे वर्षं तेच साल घालून नाणी पाडत राहिले. अरबस्तानात, आफ्रिकेत हबशांच्या मुलखात लोकांना हीच राणी पाहिजे असायची, दुसरं नाणं घ्यायचेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा ही पाडली, तिकडं पाठवायला."

"मंजी हे मुंबईचं?"

"ठाम सांगता येणार नाही. असेलही. त्यासाठी छातीवरच्या पिनेतले मोती, पक्ष्याच्या शेपटीची पिसं, अशा बारीक खुणा बघायला लागतात, आणि त्याच झिजल्यात." तिनं नाणं कडेवर उभं केलं आणि भिंगातून कड दाखवली. तिथं उठावाची अक्षरं होती. "नकली असतं तर ही अक्षरं अशी आली नसती. वजन मूळ अठ्ठावीस ग्रॅम, हे थोडं कमी भरतंय. चुंबकाला चिकटत नाही. कसही लावून बघितला, शंभरात त्र्याऐंशी भाग चांदी. नाणं खरं आहे."

"अशी लई असतील?"

"लई. माझ्याकडं वर्षाला एक-दोन येतातच. कुणाचा आजा लढाईवरून घेऊन आला, कुणी हजहून आणलं."

धुळाप्पाच्या छातीवरचं ओझं उतरलं. लई असतात. कुणाचंही असेल.

"किंमत म्हणाल तर चांदीचीच धरा," शिवलीला पुढं बोलत होती. "जमवणारे याला जास्त देणार नाहीत, कारण याला कडी डाखलेली, म्हणजे डाख देऊन जोडलेली होती. हे बघा वरती, डाखाचा डाग. आणि झीज चमत्कारिक आहे. गळ्यात घातलेलं नाणं अंगाकडच्या बाजूनं झिजतं. याच्या मागच्या बाजूचा पक्षी चांगला आहे. पुढं राणीचा गालच तेवढा गेलाय. केस आहेत, पदर आहे, गाल गुळगुळीत. कोणीतरी वर्षानुवर्षं तिथंच बोट फिरवत होतं."

 शिवलीलानं भिंगावरून मान वर केली. धुळाप्पाचा चेहरा बघून तिनं आतून पाणी मागवलं.

"तुमच्या घरातलं आहे, मामा."

"व्हय."

मग त्यानं तिलाही सांगितलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं जोडवी न बघता ऐकत उभी राहिली. सांगून झाल्यावर शिवलीलानं नाणं पुन्हा उचललं. "एक बोलू का? ती बुडाली असं तुम्ही धरून चाललाय. दोरा कुजला, नाणं पडलं, असं. पण तसं असतं तर कडी नाण्यालाच राहिली असती. ही कडी तुटलेली नाही. कानशीनं घासून काढलीय, या रेघा बघा. सरळ आहेत. कुणीतरी सावकाश बसून, हात न थरथरता काढलीय."

धुळाप्पा दुकानाबाहेर आला आणि तिथंच सावलीत उभं राहून त्यानं जोतिरामला फोन लावला.

"खरं सांग. कुटं घावलं?"

जोतिराम म्हणाला, "उंबऱ्याचा दगड चांगला व्हता. आपल्या दाराला व्हईल म्हनून पहारीनं उचाकला. निपुत्रिकाचा उंबरा उचलू न्हाय म्हनत्यात, म्हनून तुला बोललो न्हाय. खाली बाहेरच्या अंगाला खाच केल्याली व्हती. तेच्यात हे ठिवून वरनं लिंपल्यालं. पानी एवढी वर्सं वरनं गेलं, पन माती हालली न्हवती बग."

सर्र सर्र. ती सारवत नव्हती. ती लिंपत होती. मागनं येतो म्हणालेला माणूस कधी आलाच, तर उंबऱ्यात त्याला त्याची खूण सापडावी, म्हणून. धुळाप्पाला आता हात दिसला, शेणामातीनं भरलेला, आणि राणी नसलेला गळा. त्या दिवशी गाडीतून हेच त्याला दिसलं होतं आणि कळलं नव्हतं.

पण पुढं? खूण ठेवून ती गेली कुठं? सांगोल्याच्या वाटेला लागली, की तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली?

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.नं सांगोल्याला गेला. भाची चंद्रव्वा, म्हणजे गोजाबाईच्या बहिणीची मुलगी, गावाबाहेर मळ्यात राहते एवढंच माहीत होतं. विचारत विचारत डाळिंबाच्या बागेतून तो घरापाशी पोचला. चंद्रव्वा पंचाहत्तरीच्या पुढची, ताठ म्हातारी, शेळीला पाला घालत होती. कोण, कुठला, हे सांगून झाल्यावर तिनं त्याला बसवलं, चहा सांगितला, आणि आधी तिनंच विचारलं.

"गोजामावशी कवा गेली वं? आमाला काय सांगावा आला न्हाय तुमचा."

धुळाप्पानं बशी खाली ठेवली. "मावशी, ती तर तुमच्याकडं व्हती न्हवं?"

"आमच्याकडं? आमाला तर तुमच्या वडलांनी निरोप धाडला व्हता, गाव उठलंय, चुलती आमच्या संगं नव्या गावात हाय, काळजी करू नगा म्हनून."

 चहावर साय धरली. बागेत टँकर आला, कुणीतरी पाइप ओढून नेला, दोघांना कळलंही नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दोन घरांनी एका बाईला एकमेकांच्या घरात सुखी ठेवलं होतं.

बापानं असं का केलं, हे विचारायला बाप उरला नव्हता. कदाचित त्यानं तिला ओढून नेण्याचा प्रयत्न केला असेल आणि ती आली नसेल. उद्या परत येऊन नेऊ म्हणाला असेल, आणि उद्या पाणी दारात आलेलं असेल. धुळाप्पा परतीच्या एस.टी.त हेच मनात घोळवत आला. बापाच्या त्या चिडण्यात राग नव्हता, भीती होती, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं.

"टाक करा," केराबाई म्हणाली.

धनगराच्या घरात मेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात जागा असते. चांदीच्या पत्र्यावर माणूस उठवायचा, त्याला टाक म्हणायचं, सणावाराला त्याच्यापुढं निवद ठेवायचा. गुंडाचा टाक घरात कधीच झाला नव्हता. गोजाबाई करू द्यायची नाही. तो मेलाय असं कोण म्हणतंय, असं म्हणून भांडायची.

"दोगांचंबी करा. तेच्याच चांदीचं," केराबाई म्हणाली. "तिला टेकायला जागा न्हाय म्हनून ती तुमच्या दुकानात सारवत बसली. जागा द्या तिला."

"ती मेल्यालं कुनी बगितलंय?"

"तुमीबी आता तिच्यासारकंच बोलाया लागला," केराबाई म्हणाली, आणि धुळाप्पा टाक करायला तयार झाला.

शिवलीलानं त्याला एकदा समजावून बघितलं. "मामा, चांदी पाहिजे तर मी दुसरी देते. हे राहू द्या. एकदा मुशीत गेलं की राणी परत दिसणार नाही."

"दिसू नये म्हनूनच तर," धुळाप्पा म्हणाला.

मागच्या गल्लीतल्या कारागिरानं त्याच्यासमोर नाणं मुशीत टाकलं. आधी काही झालं नाही. मग पदर पाघळला, पक्ष्याची दोन तोंडं एक झाली. सगळ्यात शेवटी, कसं कोण जाणे, तो गुळगुळीत गाल क्षणभर तसाच तरंगला आणि मग पाऱ्यासारखं चकाकतं पाणी तेवढं उरलं. कारागिरानं चांदी ओतली, पत्रा काढला, ठशावर ठेवून हातोडी मारली. ठसे ठरलेले होते, एक बाप्याचा, एक बाईचा. सगळ्या घरांतल्या बायांचा चेहरा एकच.

त्या दिवसापासून दुकानातला आवाज बंद झाला. धुळाप्पा दुपारी निवांत झोपू लागला. केराबाई म्हणाली, बघा, झालं की नाही समाधान?

मरणाची तिथी माहीत नव्हती, म्हणून दोघांचं पान सर्वपित्रीला ठेवायचं ठरलं. चंद्रव्वालाही बोलावलं. ती नातवाच्या जीपमधून आली, देव्हाऱ्यापुढं बसली, आणि बाईचा टाक हातात घेऊन उलटसुलट करून बघू लागली.

"मावशीचं नानं कुटं हाय? ते नगं व्हतं का ठेवाया? मी तिला तेवड्यावरनंच वळखली असती. लहानपनी एकदाच बगितल्याली, तोंड आटवत न्हाय, नानं तेवडं आटवतंय."

"तेचंच हे टाक," धुळाप्पानं सांगितलं, आणि मग पहिल्या भेटीत जे बोलायचं राहून गेलं होतं ते सगळं बोलला. कानशीच्या रेघा, उंबऱ्याखालची खाच, वरून लिंपलेली माती.

चंद्रव्वाचा हात थांबला.

"मंजी निघाली तवा तिच्या गळ्यात नानं न्हवतं?"

"न्हवतं."

म्हातारीनं टाक खाली ठेवला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"तुमचं धरन भरलं त्याच साली," ती म्हणाली, "एक बाई आल्ती मळ्यात. मी हिरीवर धुनं धूत व्हते. पायात कायबी न्हाय, हाताला वाळल्याली माती. पानी मागितलं. मी दिलं. पिऊन झालं तरी जाईना, माज्याकडं बगत बसली. तुजं नाव काय म्हनली. चंद्रव्वा म्हनलं. पोरं किती, नवरा बरा हाय का, सगळं इचारलं. मी म्हनलं, बाई, तुमी कुनाकडच्या? तर म्हनली, कुनाकडची न्हाय, वाटंनं चालले. माज्या डोक्यावरनं हात फिरवला आन गेली." तिनं पुन्हा टाकाकडं बघितलं. "गळ्यात राणी असती तर मी हाताला धरून घरात न्हेली असती की. गळ्यात ती न्हवती म्हनून मी जाऊ दिली."

"कुटल्या वाटंनं गेली?" धुळाप्पानं विचारलं. विचारताना त्यालाच कळलं की तो उठून उभा राहिलाय, जणू आत्ता चप्पल घालून निघायचंच आहे.

"रस्त्याला लागली. म्होरं मी बगितलं न्हाय. धुनं पडलं व्हतं."

स्वयंपाकघरातून केराबाई वाढलेलं पान घेऊन बाहेर आली. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पान हातात तसंच, आमटीची वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"आता ठेवू का नगं?" तिनं विचारलं.

धुळाप्पा देव्हाऱ्याकडं बघत राहिला. गुंडाच्या शेजारी बसवलेली ती चांदीची बाई कुणीही असू शकली असती. चंद्रव्वानं डोळे मिटून घेतले होते.

"गुंडाआज्याचं ठेव," तो म्हणाला. "तिचं जरा थांब."